शुश्रूषा : महासाथीतील परिचारिका आणि आपण



या स्मृतिव्याख्यानाचे निमंत्रण आले तेव्हा मराठीचा एक निवृत्त अध्यापक संतसाहित्यावर किंवा भाषेच्या भवितव्यावर बोलेल, अशी संयोजकांची स्वाभाविक अपेक्षा होती. मी मात्र विषय बदलून मागितला आणि त्यांनी तो उदारपणे दिला. त्यामागे एक वैयक्तिक कारण आहे. ते आरंभीच सांगितलेले बरे.

एप्रिल २०२१ मध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, मी नागपूरच्या एका रुग्णालयात अकरा दिवस होतो. त्यांतील एका रात्री मला श्वास पुरेना. मी उशाशी असलेली घंटा दाबली. कोणी आले नाही. पुन्हा दाबली. जवळजवळ अर्ध्या तासाने पांढऱ्या पोशाखात नखशिखान्त झाकलेली एक परिचारिका आली, तिने नाकावरील नळी सारखी केली, मला कुशीवर वळवले आणि काही बोलली. मुखपट्टीआडून आलेले ते शब्द मला ऐकू आले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मी डॉक्टरांकडे तिची तक्रार केली. आयुष्यभर विद्यार्थ्यांना शब्द नीट ऐकायला शिकवणाऱ्या माणसाने त्या मुलीला काय म्हणायचे होते हे विचारण्याची तसदी मात्र घेतली नाही. आजचे हे व्याख्यान त्या तक्रारीचे प्रायश्चित्त आहे, असे म्हटले तरी चालेल.

१. एका शब्दाचा अर्थ

भाषेच्या अध्यापकाने शब्दापासून सुरुवात करावी हे योग्यच. रुग्णसेवेला आपण ‘शुश्रूषा’ म्हणतो. पुष्कळजण हा शब्द ‘सुश्रुषा’ असा लिहितात आणि त्यात ‘सु’ म्हणजे चांगले असावे, अशी त्यांची समजूत असते. वस्तुतः हा शब्द ‘श्रु’ म्हणजे ऐकणे या धातूपासून, त्याच्या इच्छादर्शक रूपातून आला आहे. शुश्रूषा म्हणजे ऐकण्याची इच्छा. गुरूचे ऐकू इच्छिणारा शिष्य गुरूची सेवा करी, म्हणून ऐकण्याच्या इच्छेला सेवेचा अर्थ आला आणि पुढे तो रोग्याच्या सेवेपर्यंत पोहोचला.

चरकसंहितेत चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. या चारांपैकी प्रत्येकाचे चार गुणही तेथे दिले आहेत. परिचारकाचे गुण म्हणजे उपचाराचे ज्ञान, दक्षता, रोग्याविषयी अनुराग आणि शुचिता. यांत ज्ञान आधी आले आहे, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. परिचर्या हे केवळ मायेचे काम नसून जाणकारीचे काम आहे, ही समज आपल्या परंपरेत इतकी जुनी आहे. पुढे मात्र ती आपण विसरलो आणि परिचारिकेला डॉक्टरांच्या मागे उभी राहणारी मदतनीस समजू लागलो. साथ आली की हा विसर उघडा पडतो. कारण ज्या रोगावर हुकमी औषध नाही, त्या रोगात चार पादांपैकी एक पाद मुळातच लंगडा असतो आणि त्याचा सारा भार परिचारकावर येतो.

२. प्लेग : पुणे, १८९७

मध्य प्रांतातील मँगनीज शोधण्यासाठी ‘सेंट्रल प्रॉव्हिन्स प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट’ ही कंपनी १८९६ साली स्थापन झाली. आपल्या भरवेलीच्या खाणीचा कारभार आज पाहणाऱ्या ‘मॉयल’चे मूळ त्या कंपनीत आहे. त्याच १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी गाठीच्या तापाचे निदान केले. बंदरातून आलेला प्लेग लवकरच पुण्याला पोहोचला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी सरकारने साथरोग कायदा केला. त्या कायद्याने अधिकाऱ्यांना विस्तृत अधिकार दिले. पुण्यात रँडच्या हाताखालच्या सोजिरांनी घरे कशी तपासली आणि त्याचे पर्यवसान २२ जून १८९७ च्या रात्री कशात झाले, हे शाळेच्या इतिहासात आपण सारे वाचतो. लोकांना रोगाइतकेच रुग्णालयाचेही भय वाटू लागले. तेथे नेलेला माणूस परत येत नाही आणि शेवटच्या घटकेला त्याच्याजवळ आपले कोणी नसते, हे त्या भयाचे कारण होते. लोकमान्य टिळकांनी हिंदूंसाठी स्वतंत्र प्लेग रुग्णालय उभारण्यात पुढाकार घेतला, त्यामागे हीच जाणीव होती.

या इतिहासाचे एक पान मात्र आपण पुरेसे वाचत नाही. सावित्रीबाई फुले यांचे वय तेव्हा सहासष्ट होते. जोतीरावांना जाऊन सहा वर्षे झाली होती. त्यांचे दत्तकपुत्र डॉ. यशवंत यांनी हडपसरजवळ ससाणे मळ्यात, गावाबाहेर, प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना उघडला आणि सावित्रीबाई तेथे शुश्रूषेला उभ्या राहिल्या. मुंढव्याच्या महारवाड्यात पांडुरंग बाबाजी गायकवाड यांच्या मुलाला प्लेग झाल्याचे कळताच त्यांनी त्याला पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. त्या सेवेतच त्यांना संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. पहिल्या शिक्षिका म्हणून आपण त्यांचे स्मरण करतो, ते योग्यच आहे. परंतु अस्पृश्य मानलेल्या मुलाला, आणि तेही स्पर्शाने मरण येईल अशी सर्वांची धारणा असताना, पाठीवर घेणे हा त्यांच्या शिक्षणकार्याचाच पुढचा धडा होता.

सावित्रीबाईंच्या मागे प्रशिक्षणाची कोणतीही व्यवस्था नव्हती. ती पुढे आली. १९०९ मध्ये रमाबाई रानडे यांनी पुण्यात सेवासदन सुरू केले आणि तेथून स्त्रिया परिचर्येच्या शिक्षणासाठी ससून रुग्णालयात जाऊ लागल्या. त्यांत विधवा होत्या, परित्यक्ता होत्या. परपुरुषाच्या शरीराला हात लावायचा, मलमूत्राची भांडी उचलायची, रात्रपाळीला घराबाहेर राहायचे, यांपैकी एकेक गोष्ट त्या काळी बहिष्कार ओढवण्यास पुरेशी होती. तोवर हे काम मुख्यतः मिशनच्या रुग्णालयांतील ख्रिस्ती भगिनींनी चालवले होते. आजही आपण परिचारिकेला ‘सिस्टर’ म्हणतो, तो या परंपरेचा अवशेष आहे. ही हाक गोड आहे, परंतु तीत एक धोकाही आहे. बहिणीने केलेल्या कामाचा हिशेब कोण ठेवतो?

३. मानमोडी : १९१८

दुसरी साथ आपल्या या भागाच्या अधिक जवळची आहे. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस आलेल्या इन्फ्लुएंझाला मराठी मुलखात ‘मानमोडी’ म्हणत. जून १९१८ मध्ये ती मुंबईत उतरली आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात तिची दुसरी, प्राणघातक लाट आली. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवशी मुंबईत ७६८ मृत्यू नोंदले गेले. देशभरातील बळींचे अंदाज सव्वा कोटीपासून दोन कोटींपर्यंत आहेत, आणि १९११ ते १९२१ या दशकात हिंदुस्थानची लोकसंख्या वाढण्याऐवजी किंचित घटली. सर्वाधिक मृत्युप्रमाण असलेल्या प्रांतांत आपला मध्य प्रांत होता. त्या वर्षी पाऊसही बुडाला होता. भुकेल्या शरीरांवर साथ कोसळली.

या साथीतील एक गोष्ट विशेष विचार करण्यासारखी आहे. हिंदुस्थानात पुरुषांपेक्षा स्त्रिया अधिक मेल्या. त्याची जी कारणे सांगितली गेली, त्यांत एक असे होते की, घरोघरी रोग्याच्या उशाशी बसण्याचे काम स्त्रियांचे होते. खेड्यात ना रुग्णालय, ना परिचारिका. आईने मुलाची केली, सुनेने सासूची केली, आणि करणारी जेव्हा आडवी झाली तेव्हा तिची करायला कोणी उरले नाही. माझी आजी सांगत असे की, त्या दिवसांत ज्या घरी चूल पेटलेली दिसे, त्या घरी कोणीतरी उभे आहे एवढेच लोकांना कळे. या स्त्रियांची नावे कोणत्याही नोंदवहीत नाहीत. त्यांनाही मी परिचारिकाच म्हणेन.

४. कोविड : अतिदक्षता कक्षाच्या आत

आता शंभर वर्षांची उडी घेऊन आपण आपल्या काळात येऊ. महाराष्ट्रातील पहिले रुग्ण ९ मार्च २०२० रोजी पुण्यात आढळले, मध्य प्रदेशातील पहिले २० मार्चला जबलपूरला. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या जन्माला त्या वर्षी, १२ मे रोजी, दोनशे वर्षे पूर्ण होणार होती, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २०२० हे परिचारिका व प्रसाविकांचे वर्ष म्हणून आधीच जाहीर केले होते. हा योग विलक्षणच म्हणायचा.

बरा होऊन घरी आल्यावर वर्षभराने मी, परिचर्येच्या व्यवसायात असलेल्या माझ्या दोन जुन्या विद्यार्थिनींना आणि त्यांच्या काही सहकारी भगिनींना मुद्दाम भेटलो. त्या आत नेमके काय करीत होत्या, हे मला समजून घ्यायचे होते. जे समजले ते आपल्यापुढे मांडतो.

पहिली गोष्ट पोशाखाची. खाणीच्या गावाला हे लवकर समजेल. खाणीत उतरणारा कामगार पाळी सुरू होताना सज्ज होऊन उतरतो आणि पाळी संपेपर्यंत आतच असतो. कोविड कक्षाचेही तसेच होते. हातमोज्यांचे दोन थर, अंगभर झगा, एन-९५ मुखपट्टी, चष्मा, त्यावर चेहऱ्याची ढाल. हे सारे ठरलेल्या क्रमाने चढवायचे आणि त्याहून अधिक काळजीने, ठरलेल्या क्रमानेच उतरवायचे. कारण संसर्गाचा धोका उतरवताना सर्वांत जास्त. मध्येच बाहेर आले तर तो पोशाख वाया जाई आणि पोशाख मोजके होते. म्हणून सहा-सहा, आठ-आठ तास पाणी प्यायचे नाही, लघवीला जायचे नाही. एप्रिल-मेच्या नागपुरी उन्हाळ्यात घामाने आतले कपडे भिजत, चष्म्यावर वाफ धरे आणि त्या धुक्यातून शीर शोधून सुई टोचायची. सगळे एकसारखे दिसत, म्हणून पाठीवर पेनाने नाव लिहीत.

दुसरी गोष्ट कामाची. अत्यवस्थ रुग्णाला यंत्राला जोडले की काम यंत्र करते, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात यंत्र जितके जास्त, तितकी परिचारिका अधिक लागते. घशातील नळीत साचणारा कफ वेळोवेळी ओढून काढावा लागतो, नाहीतर नळीच बंद होते. बेशुद्ध माणसाचे डोळे मिटत नाहीत, ते कोरडे पडू नयेत म्हणून जपावे लागतात. तोंड स्वच्छ करावे लागते. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून कूस बदलावी लागते. कोविडमध्ये रुग्णाला पालथे झोपवल्यास फुप्फुसाच्या मागच्या भागात हवा पोहोचते आणि रक्तातील प्राणवायू वाढतो, असे दिसून आले होते. परंतु नळ्या जोडलेल्या माणसाला पालथे करायला चार-पाच जण लागतात, त्यांतील एक केवळ श्वासनळी धरून उभा असतो. ती निसटली तर काही मिनिटांत सारे संपते. म्हणून अतिदक्षता कक्षात एका रुग्णामागे एक परिचारिका असावी, असे भारतीय परिचर्या परिषदेचे प्रमाण आहे. मी ज्या भगिनींशी बोललो, त्यांनी त्या एप्रिलमध्ये एकेका पाळीत सहा, कधी आठ अत्यवस्थ रुग्ण सांभाळले होते.

तेव्हा माझ्या अर्ध्या तासाचा उलगडा झाला. दोन खाटा पलीकडच्या रुग्णाची नळी त्या वेळी तुंबली असेल, कोणाचा दाब उतरला असेल, कोणी गेलेही असेल. कोणाकडे आधी जायचे हे तिला क्षणात ठरवावे लागत होते आणि ज्याच्याकडे ती नंतर गेली, त्याच्या नजरेत ती अपराधी ठरत होती. मी तो नजर लावून बसलेला माणूस होतो.

५. त्यांनी जे सोसले

या भगिनींच्या बोलण्यात शारीरिक कष्टांचा उल्लेख कमीच होता. सर्वांत जड काय गेले असे विचारल्यावर त्यांची उत्तरे वेगळीच आली.

एकीला जड गेले ते घरी जाणे. ती दोन महिने मुलाला खिडकीतूनच पाहत होती. आपल्या हातांनी आपण घरच्यांना मरण नेऊन देऊ, ही भीती स्वतःच्या संसर्गाच्या भीतीहून मोठी होती. १९१८ साली उशाशी बसणाऱ्या बाईला या भीतीची निवड नव्हती. आजच्या परिचारिकेला ती रोज संध्याकाळी करावी लागे.

दुसरीला जड गेले ते शेजाऱ्यांचे वागणे. आपण २२ मार्च २०२० रोजी गॅलरीत आणि अंगणात उभे राहून टाळ्या-थाळ्या वाजवल्या. त्यानंतर दोनच दिवसांनी दिल्लीच्या एम्समधील निवासी डॉक्टरांना गृहमंत्र्यांना पत्र लिहून कळवावे लागले की, घरमालक आरोग्यसेवकांना घरे सोडायला सांगत आहेत. अखेर २२ एप्रिल २०२० रोजी अध्यादेश काढून, १८९७ च्या त्याच साथरोग कायद्यात आरोग्यसेवकांवरील हिंसेला शिक्षेची तरतूद करावी लागली. गंभीर इजा केल्यास सात वर्षांपर्यंत कारावास. साथीत अधिकाऱ्याला बळ देणारा कायदा आपण १८९७ मध्ये केला. शुश्रूषा करणाऱ्याला संरक्षण देण्याचे त्या कायद्याला सुचायला एकशे तेवीस वर्षे लागली, आणि तेही तिला आपल्यापासूनच वाचवण्यासाठी.

तिसरीने सांगितले ते मी विसरू शकत नाही. नातेवाइकांना आत प्रवेश नव्हता. म्हणून ती स्वतःचा दूरध्वनी प्लास्टिकच्या पिशवीत घालून आत नेई आणि रुग्णाच्या चेहऱ्यासमोर धरी. पलीकडून कोणी मुलगी बाबांना हाका मारी, कोणी रामरक्षा म्हणे, कोणी नुसते रडे. बाबा उत्तर देऊ शकत नसत. ‘सर, दोन्हीकडचे ऐकणारी मी एकटीच होते,’ ती म्हणाली. शुश्रूषा या शब्दाचा मूळ अर्थ मी चाळीस वर्षे फळ्यावर लिहीत आलो होतो. त्या दिवशी तो मला कळला. प्लेगच्या काळात लोकांना ज्या एकाकी मरणाचे भय वाटले होते, त्या एकाकीपणात या मुलींनी स्वतःचे कान नेऊन ठेवले होते.

प्राणवायूच्या टंचाईने तर त्यांच्या ज्ञानालाही हतबल केले. काय करावे हे ठाऊक आहे, हात तयार आहेत आणि साधनच नाही. २१ एप्रिल २०२१ रोजी नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात टाकीला गळती लागून प्राणवायूचा पुरवठा खंडित झाला आणि बावीस रुग्ण दगावले. २३ एप्रिलला विशाखापट्टणमहून निघालेली पहिली प्राणवायू रेल्वे नागपूरला पोहोचली, तेव्हा रुग्णांइतक्याच आतुरतेने तिची वाट या भगिनींनी पाहिली असेल. त्या दिवसांतला अपराधभाव त्यांच्या मनातून अद्याप गेलेला नाही. तो अपराध त्यांचा नव्हता, हे त्यांना कोणी मोठ्याने सांगितलेही नाही.

एवढे सोसूनही एकीनेही हा व्यवसाय निवडल्याचा पश्चात्ताप बोलून दाखवला नाही, हेही नमूद केले पाहिजे. बरे होऊन स्वतःच्या पायांनी बाहेर पडलेल्या माणसांची आठवण काढताना त्यांचे चेहरे उजळत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जानेवारी २०२० ते मे २०२१ या काळात जगभरात ऐंशी हजार ते एक लाख ऐंशी हजार आरोग्यसेवक कोविडने मृत्यू पावले. हा धोका ठाऊक असूनही त्या दुसऱ्या दिवशीच्या पाळीला जात होत्या.

६. आपले देणे

विद्यार्थिमित्रहो, मी तुम्हांला ‘कोविड योद्धा’ हा शब्द वापरू नका असे सांगणार नाही. परंतु त्याविषयी सावध राहा. योद्ध्याने मरावे अशी अपेक्षा असते आणि मेल्यावर त्याला हार घातला की आपले कर्तव्य संपते. परिचारिका ही जाणकार व्यावसायिक आहे. तिला पुरेशी संख्या, पुरेशी साधने, नियमित वेतन आणि नोकरीची शाश्वती हवी असते. साथीच्या वेळी थोड्या मुदतीसाठी घेतलेल्या कित्येक परिचारिकांना साथ ओसरताच घरी बसावे लागले. त्यांनी आपले म्हणणे मांडले तेव्हा ते ऐकायला टाळ्या वाजवणारी गर्दी नव्हती.

आपला बालाघाट जिल्हा सीमेवरचा. येथला अत्यवस्थ माणूस गोंदियाला जातो, नागपूरला जातो. तेथे त्याची शुश्रूषा करणाऱ्यांत आपल्याच मुली असतात. ज्या परिचारिकेची मी तक्रार केली, ती वारासिवनीकडची निघाली. घरी सोडण्याच्या दिवशी माझ्या कागदावरचे गाव वाचून ती मला पोवारीत बोलली, म्हणून कळले. त्या रात्री ती मला काय म्हणाली होती, ते मी तेव्हा विचारले. ती म्हणाली, ‘घाबरू नका, मी इथेच आहे, एवढेच म्हटले होते.’ तक्रारीचा तिने उच्चार केला नाही. तिचा चेहरा मी आजतागायत पाहिलेला नाही. रस्त्यात समोरून आली तरी मी तिला ओळखणार नाही.

म्हणून या शाळेकडे माझी एक विनंती आहे. भरवेलीच्या आणि आसपासच्या गावांतील ज्या स्त्रियांनी, आणि पुरुषांनीही, त्या दोन वर्षांत दवाखान्यात किंवा घरात रोग्यांची शुश्रूषा केली, त्यांच्याकडे नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांनी वही घेऊन जावे, त्यांचे सांगणे शांतपणे ऐकावे आणि त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवावे. १९१८ च्या उशाशी बसलेल्या बायांचे असे काही आपल्याजवळ नाही, कारण तेव्हा कोणी विचारले नाही. अशी वही शाळेच्या ग्रंथालयात राहिली, तर तिचे मोल या व्याख्यानाहून निश्चितच अधिक असेल.